गाठीचं वय

“खोटं! साफ खोटं बोलत्यात ह्ये! डॉक्टरसायेब, यांचं काय बी ऐकू नका. पंधरा दिस झाल्यात गाठीला, पंधरा!”

भोरच्या दवाखान्यात बाकावर एक पाय लांब करून बसलेली तू, हौसा, आणि वरची कौलं हलतील असा तुझा आवाज. औषधासाठी बाटल्या घेऊन ओट्यावर बसलेली माणसं उठून दारात गोळा झाली. तुझा आवाज ऐकून नीरेवर पाणी पिणारी जनावरं मान वर करून दवाखान्याकडं बघायला लागली, असं मी पुढं सगळ्यांना सांगत आलो. नदी दवाखान्यापासून लांब आहे, हे तू दरवेळी मधेच सांगायचीस. आता सांगायला कोणी नाही, म्हणून मी नदी हळूहळू जवळ आणतोय. परवा तर ती दवाखान्याच्या पायरीला लागली होती.

“आठ वर्षं!” मीही ओरडलो. “साहेब, आठ वर्षं झाली या गाठीला. एक दिवस कमी नाही.”

डॉक्टरांनी चष्मा काढून पुसला. माझ्याकडं पाहिलं, तुझ्याकडं पाहिलं. मी बैलांचा हेडी. भोरच्या बाजारात या हाताने बैल घ्यायचा, त्या हाताने विकायचा. अन् जनावराचं वय चोरल्याशिवाय हा धंदा होत नाही, हे सगळ्या मुलखाला ठाऊक. डॉक्टरांना तर जास्तच ठाऊक, कारण मीच त्यांना एक गाय दिली होती. दुसऱ्या वेताची म्हणून दिली. तिनं त्यांच्या दारात पाऊल टाकलं तेव्हा तिची नात गाभण होती. तेव्हापासून डॉक्टर माझ्या तोंडून कुठलाही आकडा निघाला की त्यातलं निम्मं टाकून द्यायचे. ताप किती दिवस आहे म्हणून विचारलं, मी चार म्हटलं, की ते दोन दिवसांचं औषध द्यायचे. आणि गुण यायचा, हे तर फारच वाईट.

ते तुला म्हणाले, “बाई, ओरडू नका. तुम्हीही ओरडू नका. का विचारतोय ते आधी ऐका. गाठ हाडाला धरून आहे. दगडासारखी आहे. ती पंधरा दिवसांत एवढी झाली असेल, तर ती फार वाईट जातीची. मग पाय मांडीपासून काढायचा, आणि तोही लगेच. पण चार-पाच वर्षं घेत घेत एवढी झाली असेल, तर जात वेगळी असू शकते. मग कदाचित पाय राहील. मला फोटोत गाठ दिसेल, तिचं वय दिसणार नाही. ते तुम्हीच सांगायचं आहे.”

नवरा म्हणतो आठ वर्षं, बायको म्हणते पंधरा दिवस. या दोन खोट्यांच्या मधे तुझा उजवा पाय अडकून पडला होता.

तुझं पंधरा दिवसांचं मला कळत होतं. आपल्याकडं डॉक्टरपुढं दुखण्याचं खरं वय कोण सांगतं? “इतके दिवस काय झोपला होता काय?” हे ऐकून घ्यायला नको, म्हणून वर्षाचं दुखणं महिन्यावर आणायचं आणि महिन्याचं कालवर. आपल्या उत्रोलीत एक म्हातारा दोन्ही डोळ्यांनी आंधळा होईपर्यंत थांबला आणि डॉक्टरांना म्हणाला, सकाळपासून जरा अंधारल्यासारखं वाटतंय. (हे मी रचलेलं नाही. बरं, म्हातारा एका डोळ्याचा होता.) पण बाकीच्यांचं चालून जातं. तुझ्या बाबतीत तेवढं साधं खोटं पाय घेऊन गेलं असतं.

गाठ सापडली ती तुझ्या आईला. म्हातारी वेल्ह्याच्या वरच्या वाडीवरून खाली आली होती, लेकीच्या पायाला तेल लावत बसली होती, आणि गुडघ्याच्या मागं, जरा वर, तिचा हात अडखळला. म्हातारीचं मत पडलं, डाग द्यायचा. वाडीवर एक जण आहे, विळा लाल करून असा टेकवतो की गाठ विरघळते. मी जन्मभर डागलेले बैल पाहिले होते. डागल्यानं बैल लंगडायचा थांबत नाही, फक्त गिऱ्हाइकाला कळतं की तो लंगडत होता. म्हणून मी तुला गाडीत घातलं आणि भोरला आणलं. त्या एका गोष्टीचं श्रेय मी घेणार आहे, आणि तू नाहीस म्हणून पुरतं घेणार आहे.

पण आठ वर्षं हे मी कुठून काढलं, ते तुला मी कधी नीट सांगितलं नाही. आज सांगतो.

आपलं जातं पडवीच्या कोपऱ्यात होतं. दळायला बसताना तू उजवा पाय मुडपायचीस आणि डावा जात्याच्या कडेनं लांब सोडायचीस. तसं बसलं की तुझं तोंड दाराकडं यायचं. दारात मी बसलेलो, तोंडात राखुंडी, आणि पहाटेपासून माझं सुरू. तू दळायचीस, मी सांगायचो. शिरवळच्या बाजारात मी आंधळा बैल डोळस म्हणून विकला आणि महिन्यानं त्याला खरंच दिसायला लागलं, ही गोष्ट मी पहिल्यांदा तुझ्यापुढंच सांगितली. तू हसलीस की हाताचा खुंटा निसटायचा आणि जातं मधेच थांबायचं. मी थांबलेल्या जात्यावरून गोष्टीची किंमत करायचो.

मग एक दिवस तू पलीकडच्या अंगाला जाऊन बसलीस. डावा पाय मुडपलास, उजवा लांब सोडलास. आता जागाच अशी, की तुझी पाठ दाराकडं आली. मला वाटलं, आज काहीतरी बिनसलंय. दुसऱ्या दिवशीही पाठ. आठवड्यानंतरही पाठ. मला वाटलं, रागावली. कशावरून, ते शोधत बसलो. कारणं कमी नव्हती. मी विचारलं नाही, कारण विचारलं असतं तर तू सांगितलं असतंस. त्याऐवजी गोष्टी मोठ्या करत गेलो. बैलाला पंख आणले. राजगडावरच्या बुरुजाला लग्नाला नेलं. वाटायचं, एक दिवस इतकं मोठं काहीतरी सांगेन की ही मान वळवून बघेल. तुझी पाठ हलताना दिसायची, म्हणजे हसत असणार. पण तू वळली नाहीस. बाजारात माणसं माझ्या थापांना टाळ्या द्यायची. त्यांना काय माहीत, त्या सगळ्या एका पाठीसाठी केलेल्या होत्या.

त्या दिवशी डॉक्टरांनी तुझा पाय धरून गुडघा मुडपायला घेतला. तो अर्ध्यावर अडला. ते म्हणाले, “मागं गाठ आहे, त्यामुळं पुरता मिटत नाही. कधीपासून मिटत नाही?” आणि माझ्या डोक्यात उजेड पडला. राग नव्हता! गुडघा मिटत नव्हता म्हणून तू फिरून बसली होतीस! मला इतका आनंद झाला, हौसा, की मी दवाखान्यात नाचलो असतो. बायकोच्या हाडाला गाठ आहे आणि नवरा खूश, असा माणूस त्या डॉक्टरांनी पुन्हा पाहिला नसेल. त्या भरातच मी आठ वर्षं म्हणून ओरडलो. मला ती आठच वाटली होती. खरं तर ऐंशी वाटली होती, मी कमी करून सांगितली.

मग मी डॉक्टरांना म्हणालो, “साहेब, माझ्या आकड्यावर जाऊ नका. हिच्या घोट्याकडं बघा.” खांद्यावरच्या घट्ट्यावरून बैल जुवाच्या कुठल्या बाजूला चालला ते मी डोळे मिटून सांगतो. दळणाऱ्या बाईचंही तसंच. मुडपलेल्या पायाचा घोटा जमिनीला घासतो आणि तिथं घट्टा पडतो. तुझ्या डाव्या घोट्यावर रुपयाएवढा घट्टा होता. उजव्या घोट्यावर, जिथं लग्नापासूनचा घट्टा असायला हवा, तिथं कातडी पोरीच्या गालासारखी झालेली.

डॉक्टर म्हणाले, “एवढ्यावरून मी वर्षं मोजू शकत नाही. पण पंधरा दिवसांत हे होत नाही, एवढं नक्की. बाई, मी रागावणार नाही. सांगा.”

तू पदर चाचपलास. मग भिंतीकडं बघत म्हणालीस, “संस्थान गेलं न्हाई का, त्या सालच्या सुगीत हाताला लागली. बोराएवढी व्हती.”

“म्हणजे पाच वर्षं,” डॉक्टर म्हणाले. “आणि घरात कुणाला बोलला नाहीत?”

“कुणाला बोलू? यांना सांगितलं की बाजाराला सांगितलं. माझी गाठ बोराएवढी असतानाच ह्ये तिचा भोपळा करून त्यात बसून पुण्याला गेलं असतं.”

दारातली माणसं हसली. डॉक्टरही हसले. मी पण हसलो, पण मला ते लागलं. लागायला हवंच होतं.

पुण्याला जाताना एस्टीत डॉक्टर आपल्याबरोबर आले. स्वतःच्या खर्चानं आले. मी सांगतो की वरव्याच्या पुढं बस पंक्चर झाली आणि ती मी खांद्यावर उचलून धरली. तू सांगायचीस की ती पंक्चर झालीच नव्हती आणि मी वाटभर तोंडातून शब्द काढला नव्हता. तुझं खरं आहे.

मोठ्या इस्पितळातल्या सर्जनसाहेबांनी पायाचे फोटो काढवले, समोरून, बाजूनं, तिरपे. काच उजेडापुढं धरली आणि आपल्याला जवळ बोलावलं. मला त्यात फक्त धुकं दिसलं. पण समजावलं त्यांनी छान. विचारलं, “आंब्याची झाडं आहेत का तुमच्याकडं?” मी म्हणालो, चारशे. तू म्हणालीस, एक.

“असू दे, एक पुरे,” साहेब म्हणाले. “हाडावर अशा गाठी निरनिराळ्या तऱ्हेच्या येतात. एक असते फांदीसारखी. हाडाचाच गाभा तिच्यात गेलेला असतो, ती हाडाचीच असते. तिच्यानं सहसा कुणी मरत नाही. दुसरी असते बांडगुळासारखी. बाहेरून सालीवर बसते, फांदीला मिठी मारून वाढते. घाई करत नाही. पण ती परकी असते, तिला घरचं समजायचं नाही. तो कॅन्सरच. आणि तिसरी आतून, गाभ्यातून पोखरत बाहेर फुटते. ती थांबत नाही, छातीत जाते. बाहेरून तिन्ही हाताला टणकच लागतात. इथं बघा, गाठ आणि हाड यांच्यामधे ही काळी रेघ दिसते. बरीच लांब दिसते. म्हणून मला हे बांडगूळ वाटतंय. पण ‘वाटतंय’ यावर मी कुणाचा पाय ठेवत नाही आणि कापतही नाही.”

मग त्यांनी गाठीचे तुकडे काढले. एक नाही, निरनिराळ्या ठिकाणचे. पोत्यात सळई घालून वरचे, मधले, तळाचे दाणे बघतात तसं. वरचा दाणा चांगला असला तरी तळाला कीड असू शकते, हे मला सांगायला नको होतं, पोतं भरणारा मी. ते तुकडे काचेवर घेऊन दुर्बिणीतून बघायला मुंबईला गेले. आपण धर्मशाळेत राहिलो. तू तिथल्या सगळ्या बायकांच्या पोळ्या लाटून दिल्यास. मी काही केलं नाही. एका कोपऱ्यात बसून तुझ्या पायाकडं बघत होतो, जसा बाजार उठल्यावर न विकलेल्या बैलाकडं बघतात. विकला नाही म्हणून वाईटही वाटतं आणि तो आपलाच राहिला म्हणून बरंही.

उत्तर आलं, सगळे तुकडे संथ जातीचे. तरी सर्जनसाहेब घुटमळत होते. अशी केस हातात क्वचितच येते, म्हणाले. त्यांनी पुन्हा वय विचारलं. मी तोंड उघडणार, तेवढ्यात आपले डॉक्टर म्हणाले, “पाच वर्षं. मी खात्री केली आहे. हा माणूस गाईचं वय चोरतो, पण बायकोच्या गाठीचं चोरणार नाही.”

माझ्याबद्दल इतकं चांगलं कुणी त्याआधी बोललं नव्हतं, आणि नंतरही नाही.

साहेबांनी मग दोन वाटा सांगितल्या. मांडीपासून पाय काढला, तर धोका सगळ्यांत कमी. नाहीतर गाठ काढायची, पण नुसती खरवडून नाही. बांडगूळ वरचेवर तोडलं की पुन्हा फुटतं, म्हणून फांदीचं लाकूडही त्याच्याबरोबर घ्यावं लागतं. तसा मागच्या अंगाचा हाडाचा मोठा भाग गाठीसकट एकसंध काढायचा आणि कमरेच्या हाडाचे तुकडे तिथं बसवायचे. गुडघा कायमचा ताठ होईल. किरणांच्या शेकानं ही जात मरत नाही, तेव्हा ती आशा धरू नका, म्हणाले. जे करायचं ते सुरीनंच.

तू विचारलंस, “आन् परत आली तर?”

“तर मग पाय जाईल. आणि कदाचित तेव्हा तेवढ्यावर भागणार नाही. तेव्हा तिची जात बदललेली असू शकते. मी खोटं सांगत नाही.”

तू माझ्याकडं वळलीस. “तुमी काय म्हंता?”

हौसा, ज्या तोंडानं मी बुरुज लग्नाला नेले, त्याच तोंडानं मी एवढंच म्हणालो, “ठेवू.”

एकच शब्द. माझ्या आयुष्यातली सगळ्यांत छोटी गोष्ट ती.

पुढचे महिने कमरेपासून टाचेपर्यंत प्लास्टर. त्याच्या आत खाज सुटली की तू घोंगडी विणायची सुई घालून खाजवायचीस आणि नर्सबाई ओरडायच्या. घरी आलीस तेव्हा पाय कुऱ्हाडीच्या दांड्यासारखा सरळ. मी त्याआधीच गवंडी बोलावून जातं पडवीतल्या ओट्यावर चढवून घेतलं होतं, कमरेइतकं उंच. सगळी उत्रोली हसायला आली. जातं गादीवर बसलंय म्हणाले, आता त्याला मुजरा करायचा का म्हणाले. मी म्हणालो, करा. पण ओट्याची जागा मी फार विचारानं काढली होती. दुसऱ्या दिवशी पहाटे तू उभ्यानं दळायला लागलीस, आणि तुझं तोंड दाराकडं होतं.

मी राखुंडी तोंडात घेऊन बसलो, आणि मला एकही गोष्ट आठवेना. तू दोन-तीनदा बघितलंस. मग म्हणालीस, “का वो? संपल्या व्हय सगळ्या?”

त्या दिवसापासून तू बदललीस. पूर्वी माझ्या थापा नुसत्या मधेच कापायचीस, आता कधी कधी त्यात भरही घालायला लागलीस. मी बाजारात सांगितलं होतं की तुझ्या पायात खिलारी बैलाचं हाड बसवलंय, म्हणून चाल अशी ऐटदार. किकवीचा एक भला शेतकरी बैल बघायला घरी आला आणि भीत भीत तुला विचारायला लागला, “वयनी, खरं हाय का वो? बैलाचं हाड?” मला वाटलं, झालं, आता माझी अब्रू गेली. तू पीठ चाळता चाळता म्हणालीस, “व्हय की. बेंदराच्या सणाला मला शिंगं न्हाईत म्हणून पायालाच हिंगूळ लावतो आमी.” तो माणूस तुझ्या पायाला नमस्कार करून गेला. माझ्याकडचा बैल त्यानं घेतला, आणि वयसुद्धा विचारलं नाही.

आणि भाताची लावणी. चिखलात गुडघा लागतोच कुठं? लावणीला वाकायचं ते कमरेतून, पाय सरळच. बाकीच्या बायकांचे गुडघे दुखायचे, तुझा एक तर दुखायचाच नाही. तू त्यांच्या पुढं निघून जायचीस. मी सांगतो की तू एका दमात उत्रोलीचं शेवटचं खाचर लावून उठलीस आणि मान वर करून बघितलंस तर समोर भोरची वेस. हे तूसुद्धा कधी नाकारलं नाहीस. फक्त म्हणायचीस, “वेशीत चिखल कमी व्हता.”

दरवर्षी फोटोला पुण्याला जायचो. दरवर्षी साहेब काच उजेडापुढं धरून म्हणायचे, ठीक आहे. आपण दोघं जाऊन भजी खायचो. आपल्या लेकीचं, कमळीचं लग्न झालं. तू मांडवात उभी राहून राहून दमलीस, पण बसली नाहीस, कारण ताठ पायानं बसलीस तर उठवायला दोघं लागायचे आणि नवऱ्याकडच्यांनी ते बघायला नको होतं.

गेल्या सालच्या काढणीनंतर तू स्वतःहून भोरच्या दवाखान्यात आलीस. मी मागून आलो. डॉक्टर थकले होते, डोक्यावर केस राहिले नव्हते. जुन्या जागेच्या वर पुन्हा गाठ होती. पण ही टणक नव्हती, ऊन लागत होती, आणि रात्रंदिवस ठणकत होती. डॉक्टरांनी तोच प्रश्न विचारला.

तू म्हणालीस, “पंधरा दिस.”

“आठ वर्षं!” मी ओरडलो. “साहेब, खोटं बोलतेय ही. आठ वर्षं झाली, जुनीच गाठ आहे ती, सावकाशीची आहे, तुम्ही लिहा आठ...”

डॉक्टरांनी निम्मंसुद्धा केलं नाही. तू माझा हात धरून खाली बसवलंस, जसं बुजलेल्या खोंडाला बसवतात. म्हणालीस, “अवो, या बारीला खरंच पंधरा दिस.”

लपवलंस तेव्हा ती संथ होती. लगेच सांगितलंस तेव्हा ती धावत होती. हा कसला न्याय, म्हणून मी अजून भांडतोय. कुणाशी ते माहीत नाही.

पुण्याला साहेबांनी फोटोवर बोट ठेवलं. ती काळी रेघ नव्हती. बांडगुळाचं आता दुसरंच काही झालं होतं आणि ते गाभ्यात उतरलं होतं. पाय काढायचा ठरला. तयारीला आलेल्या पोरसवदा डॉक्टरला म्हणालीस, “सांबाळून घ्या बरं. चांगल्यापैकी वापरलेला हाय.” त्याला रडायला आलं. तू त्यालाच समजावत बसलीस.

पाय गेला, पण उशीर झाला होता. थंडी सरता सरता तुला दम लागायला लागला. छातीचा फोटो निघाला. मग तू जात्याच्या ओट्याला पाठ टेकून बसायचीस आणि म्हणायचीस, सांगा काहीतरी. मी सांगायचो. तुला हसू आलं की खोकला यायचा, म्हणून मी मुद्दाम वाईट गोष्टी सांगायला लागलो, ज्यांच्यावर कुणी हसणार नाही. तुला ते कळलं. म्हणालीस, “असल्या फालतू नगं. खोकला आला तर येऊ द्या.” तेव्हा मी पंखवाला बैल पुन्हा काढला. तू हसलीस आणि खोकलीस, आणि हाताने खूण केलीस, पुढं.

तू गेलीस, तुझं दहावं-तेरावंही आता होऊन गेलंय. माणसं येतात आणि तुझ्याबद्दल सांग म्हणतात. मी सांगतो. पण मधे टोकणारं कोणी नसलं की थाप नुसती फुगत जाते, तिला जमीन लागत नाही. तुझ्याशिवाय मी खोटारडा होत चाललोय, हौसा. तू होतीस तोवर नुसता गोष्टी सांगणारा होतो. माहेरी आलेल्या कमळीनं विचारलं, जातं खाली उतरवायचं का. मी नको म्हणालो. ती उभ्यानं दळते, तिलाही बरं वाटतं म्हणते.

एक गोष्ट मात्र मी कुणालाच सांगितलेली नाही. पाय काढल्याच्या चौथ्या-पाचव्या दिवसाची. तू खाटेवर उशाला टेकून बसली होतीस, चादर एका बाजूला सपाट पडली होती. मी शेजारच्या खाटांना रंगात येऊन सांगत होतो, की हा पाय आता परदेशात चाललाय, तिकडचे मोठमोठे डॉक्टर बंदरावर हार घेऊन उभे आहेत. लोक हसले, मग आपापल्या जेवणाला लागले. तेव्हा मी खाटेवर वाकलो आणि तुला हळूच विचारलं, जे मला भोरपासून पुण्यापर्यंत प्रत्येक एस्टीत विचारायचं होतं.

“हौसा, तेव्हाच पाय दिला असता तर? तू विचारलंस, आणि मी ‘ठेवू’ म्हणालो. ते चुकलं का गं?”

तू वाटीतला भात कालवत होतीस. मान वर केली नाहीस.

“मग भात कुणी लावलं असतं?”